काकांचा हातरंग

काका नारिंगी झाले. सगळेच्या सगळे नाही. तळहात, तळपाय, नाकाचा शेंडा आणि हसल्यावर गालांवर पडणाऱ्या दोन घड्या, एवढेच. त्यांच्या मागोमाग काकू नारिंगी झाली आणि काकूच्या मागोमाग मी.

असं काही झालेलं नाही. म्हणजे आमच्या घरात तसं ठरलंय. काकांनी जेवताना रीतसर ठराव मांडला की या घरात कोणीही, कधीही, कुठल्याही रंगाचं झालेलं नव्हतं, त्या दिवसांत उजेड खराब होता. ठराव एकमताने मंजूर झाला. हात वर करून मतदान घ्यायचं मात्र काकांनी टाळलं, कारण हातांचा रंग अजून उतरला नव्हता.

तर न झालेली गोष्ट अशी झाली.

आमचं रंगाचं दुकान आहे. भिंतींचे, दारांचे, खिडक्यांच्या गजांचे रंग. पुढे दुकान, मागे घर, मधे एक दार. त्या दारावर गिऱ्हाइकांना दाखवायचे इतके नमुने फासलेत की मूळ लाकूड कसलं होतं ते आता कोणालाच आठवत नाही. खिडकीशी काकांचं स्टूल. त्या स्टुलावर बसून काका रंग कालवतात. गिऱ्हाईक म्हणतं, "जरा उबदार पांढरा द्या," आणि काका डब्यात दोन थेंब याचे, अर्धा थेंब त्याचा टाकतात, काठीने ढवळतात आणि काठीचं टोक डाव्या तळहातावर टेकवतात. मग हात खिडकीत धरून बघतात. कागदावर नाही, पत्र्यावर नाही, तळहातावरच.

"नमुन्याचा कागद उन्हाने विटतो," ते म्हणतात. "हात विटतो का? हातच्या काकणाला आरसा कशाला?"

दुकानाचा सर्वांत खपणारा रंगही हातातूनच निघालाय. त्याचं नाव हातरंग. साय आणि बदाम यांच्या मधला कुठला तरी. त्याची कृती कुठे लिहिलेली नाही, कारण कृती काकांच्या मनगटाला जोडलेली आहे: तळहाताच्या बरोब्बर मध्ये थेंब टेकवायचा आणि तो दिसेनासा झाला की हातरंग तयार.

दुकानात एक रंगमोजणीचं मशीनही आहे. ते मी आणलं. कुठल्याही रंगावर त्याचा डोळा टेकवला की ते रंग मोजतं आणि तसाच रंग स्वतः कालवून देतं. काकांनी त्याच्यावर जुनी चादर घातलीय आणि ते त्याला माझा नवरा म्हणतात. "तुझा नवरा आज काही बोलला नाही गं," असं म्हणत ते सकाळी त्याच्यावर एक टपली मारतात. मला ते यंत्रबाई म्हणतात. मी वाईट वाटून घेत नाही. बाकीच्या मुलींचे नवरे यापेक्षा जास्त बोलतात असं ऐकून आहे.

मग काकांच्या डोळ्यांचं सुरू झालं. आधी ते म्हणाले, पेपरवाल्यांनी शाईत पाणी घालायला सुरुवात केलीय. मग म्हणाले, खिडकीची काच मळलीय. काकूने काच पुसली. "आता चौकट मळलीय," काका म्हणाले. एकदा एका बाईंनी दारासाठी काळा रंग मागितला आणि काकांनी गडद निळा दिला. बाईंना तो आवडला, हे आमचं नशीब.

"अहो, डोळे दाखवून या," काकू म्हणाली.

"कोणाला?"

"डोळ्यांच्या डॉक्टरला. दातांच्या डॉक्टरला दाखवून काय उपयोग?"

"आणि त्या डॉक्टरीणबाईने काही काढलं तर? मग या स्टुलावर कोण बसणार? हिचा नवरा?"

दुखणं तेच होतं. काकांना डोळे जाण्याची भीती कमी होती. स्टूल जाण्याची जास्त. डोळे अधू झाल्याचं एकदा कोणी तोंडाने म्हटलं की चादर निघणार, मशीन खिडकीशी येणार आणि काका गल्ल्यावर बसून "सुटे आहेत का?" विचारणार. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मशीनकडे पाहिलं. मशीनने अर्थातच कुठेच पाहिलं नाही.

अशा वेळी आमच्या दारात गोळीमामा आला.

गोळीमामा म्हणजे काकूचा धाकटा भाऊ. तो दरवर्षी काहीतरी नवीन विकतो. या वर्षी गोळ्या विकत होता. गाजर, भोपळा आणि झेंडूच्या पाकळ्या यांच्या अर्काच्या पारदर्शक, नारिंगी, मऊ गोळ्या. बाटलीवर एका हसऱ्या म्हाताऱ्याचं चित्र होतं आणि खाली फायदे: डोळे, त्वचा, केस, सांधे, स्मरणशक्ती, उत्साह. प्रत्येकापुढे बारीक अक्षरात "मदत होऊ शकते" असं होतं.

"होऊ शकते म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे होते," मामा म्हणाला. "पण सभ्यपणे."

"आणि हे बाटलीवर लिहिलेलं अँटिऑक्सिडंट म्हणजे काय असतं?" काकांनी विचारलं.

"भावोजी, असं बघा. लोखंड हवेत ठेवलं की गंज चढतो. तसा माणसाला आतून गंज चढतो. डोळ्याला, कातडीला, सगळीकडे. ही गोळी तो गंज चढू देत नाही."

काकांचा चेहरा उजळला. आयुष्यात पहिल्यांदा मेहुण्याने त्यांना कळेल असं काही सांगितलं होतं.

"म्हणजे प्रायमर!" काका म्हणाले. "पोटातून मारायचा प्रायमर. मग आधी सांगायचंस ना!"

"तू घेतोस का रे?" काकूने भावाला विचारलं.

"मला गोळ्या गिळता येत नाहीत," मामा म्हणाला.

बाटलीवर लिहिलं होतं, रोज एक. काकांनी ते वाचलं आणि बाटली ठेवून दिली. "एका हाताने भिंत तरी झाकली जाते का?" ते म्हणाले. रंगाच्या धंद्यात हा मूलभूत नियम आहे. आधी प्रायमर, तो वाळला की रंगाचा पहिला हात, तोही वाळला की दुसरा. म्हणून सकाळी एक गोळी प्रायमर म्हणून, दुपारी एक पहिला हात म्हणून, संध्याकाळी एक दुसरा हात म्हणून. घट्ट रंग पातळ करावा लागतो, म्हणून प्रत्येक गोळीबरोबर पेलाभर गाजराचा रस. आणि घराची एकच भिंत रंगवली तर बाकीच्या तीन जुनाट दिसतात, म्हणून घरातल्या सगळ्यांनी.

"मला डोळ्यांचा काही त्रास नाही," मी म्हणाले.

"गंज चढायच्या आधीच प्रायमर मारतात, यंत्रबाई. एवढं तुझ्या नवऱ्यालाही माहीत असेल."

हळूहळू आम्हांला गुण येऊ लागला. म्हणजे काकू म्हणाली, "तुमच्या चेहऱ्यावर तेज आलंय हो." काका म्हणाले, "तूही उजळलीस." मी आरशात पाहिलं आणि मला वाटलं, ट्यूबलाइट गेली. आम्ही ट्यूबलाइट बदलली. नवीही तशीच निघाली. आम्ही दुकानदाराला जाऊन सुनावलं. तो आमच्या तोंडाकडे बराच वेळ बघत राहिला आणि एक शब्द न बोलता त्याने ट्यूबलाइट बदलून दिली. इतकी चांगली सेवा आम्हांला आधी कुठेच मिळाली नव्हती.

तुम्ही म्हणाल, कोणीच कसं काही बोललं नाही? रंगाच्या दुकानात नारिंगी माणूस दिसला तर कोण काय विचारणार? लोकांना वाटायचं, आज गजांना मारायचा नारिंगी रंग आलाय. आणि आम्ही तिघं सारख्याच हाताने, सारख्याच थरांत चढत होतो. मी काकूकडे बघायचे, काकू काकांकडे, काका माझ्याकडे. सगळे एकमेकांशी तंतोतंत जुळत होते. जुळतंय म्हटल्यावर आमच्या धंद्यात पुढे बघायची पद्धत नाही.

मामा पुढची बाटली घेऊन आला तेव्हा मात्र आम्ही हादरलो.

"अरे, काय झालं तुला?" काकू ओरडली. "किती फिका पडलायस!"

"मी? कुठे?"

"सगळीकडे! अंगात रक्त आहे की नाही? अहो, बघा ना."

काकांनी त्याला खिडकीत नेऊन उजेडात धरलं. "पांढुरका झालाय. चुन्याच्या पहिल्या हातासारखा. मेहुणे, आधी रक्त तपासून घ्या, मग धंदा करा."

मामाने खरंच रक्त तपासून घेतलं. सगळं उत्तम निघालं, त्यामुळे तो जास्तच घाबरला. त्याला वाटलं, यंत्रालाही सापडू नये असलं काहीतरी झालंय. त्या दिवसापासून तो स्वतःच्या गोळ्या पाण्यात विरघळवून पिऊ लागला. मामाच्या विक्रीच्या इतिहासात त्याचा माल पटलेलं हे पहिलं नवीन गिऱ्हाईक.

याच दिवसांत पाणीपट्टी कार्यालयाचं काम चाललं होतं. कार्यालयात एक लांबच लांब बोळ आहे. एका टोकाला मुख्य दार, दुसऱ्या टोकाला तक्रारीची खिडकी. त्या बोळाच्या भिंतीसाठी मोठ्या साहेबांनी आमचा हातरंग निवडला होता. पण त्या कार्यालयाची पद्धत अशी की एका वेळी एकच डबा मंजूर होतो. तो संपल्याचं रिकामा डबा उलटा करून दाखवलं की पुढचा मंजूर व्हायला लागतो. त्यामुळे रंगारी एक डबा न्यायचा, चार पावलं भिंत रंगवायचा आणि मंजुरीची वाट बघत शिडीवर बसून राहायचा. इकडे काका दर वेळी नवा डबा कालवायचे. तळहातावर थेंब टेकवायचे, तो दिसेनासा झाला की म्हणायचे, "घे, हातरंग."

पुढचं मी सांगायला नकोच.

निरोप आला की साहेबांनी भिंत नामंजूर केलीय. काकांनी स्वतः येऊन बघावं. आणि वेगवेगळ्या रंगाचे डबे निघाले असतील तर सगळं काम पुन्हा, तेही मशीनवर मोजून. काकांनी निरोप ऐकला, स्टुलावरून उठले, चादरीकडे बघितलं आणि म्हणाले, "चला. सगळेच चला. भिंतीला एकदा हात लावून दाखवतो."

यालाच आपल्याकडे हात दाखवून अवलक्षण म्हणतात.

बोळाच्या तोंडाशी भिंत साय-बदामी होती. चार पावलांवर बदाम जास्त झाला. पुढे केळ्याच्या सालीवर आली, मग पिकल्या पपईवर, आणि तक्रारीच्या खिडकीशी पोचेपर्यंत चक्क भोपळा. लोक आपली तक्रार घेऊन दारातून शांत निघायचे आणि जसजसे पुढे जातील तसतशी भिंत तापत जायची; खिडकीशी माणूस आणि भिंत दोघंही एकाच उकळीला पोचायचे.

"हा एक रंग आहे?" साहेबांनी विचारलं. साहेब बारीक आवाजाचे गृहस्थ होते. त्यांना ओरडावं लागत नसे, लोक आपोआप वाकून ऐकत.

"एकच," काका म्हणाले.

"मला तरी बरेच दिसतात."

भिंतीवर हात टेकवत काका दारापासून निघाले. दाराजवळ त्यांचा हात भिंतीवर ठसठशीत दिसत होता, रंगलेल्या विड्याच्या रसात बुडवल्यासारखा. जसजसे पुढे गेले तसतसा तो भिंतीत मुरत गेला. खिडकीशी पोचून त्यांनी पंजा भिंतीवर ठेवला आणि तो नाहीसाच झाला. बाही संपली की भिंत.

"बघा!" काका विजयाने म्हणाले. "हा शंभर टक्के हातरंग. चुकला असेल तर तो दाराजवळचा. विटलाय."

साहेबांनी पुढे होऊन आपला पंजा काकांच्या पंज्याशेजारी ठेवला. तो भिंतीवर चुन्याच्या फराट्यासारखा उठून दिसला.

"तुमचीही तब्येत बरी दिसत नाही," काकू काळजीने म्हणाली. "माझ्या भावाचंही असंच झालं होतं."

"तुमचा हात ठेवा बरं, बाई."

काकूने ठेवला. गेला. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी ठेवला. माझाही गेला. आम्ही तिघं एका ओळीत मनगटापर्यंत उरलो. खिडकीतल्या कारकुनाने तक्रारी घेणं थांबवलं. तक्रार करायला आलेले एक आजोबा म्हणाले, "माझं काही घाईचं नाही, तुमचं चालू द्या."

"भिंतीत काही दोष नाही," साहेब शेवटी आणखी बारीक आवाजात म्हणाले. "तुम्ही नारिंगी आहात. सहकुटुंब."

काकांनी हात डोळ्यांजवळ आणला, लांब नेला, पुन्हा जवळ आणला. मला वाटलं, आता ते एखादी कोटी करतील. "मला दिसत नाहीये गं," ते मला म्हणाले. मला, काकूला नाही. आणि यंत्रबाई म्हणाले नाहीत.

आम्ही तिथून तडक डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. काकू रस्ताभर म्हणत होती की कावीळ असणार, कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं. डॉक्टरीणबाईंनी काकांचे डोळे उघडून पाहिले आणि पहिला प्रश्न विचारला, "गाजर किती खाता?"

"खात नाही," काका म्हणाले. "पातळ करण्यापुरतं घेतो."

मग सगळं बाहेर आलं: प्रायमर, पहिला हात, दुसरा हात. डॉक्टरीणबाईंनी ते चेहऱ्यावरची रेघ न हलवता ऐकून घेतलं. मला त्यांच्याविषयी फार आदर वाटला. त्या म्हणाल्या, "कावीळ नाही. काविळीत डोळ्यांचं पांढरं पिवळं होतं, तुमचं पांढरंच आहे. हा गाजराचा रंग. गोळ्या आणि रस बंद करा, काही आठवड्यांत नाहीतर महिन्यांत उतरेल."

"आणि डोळे? गोळीने गंज थोडा तरी निघाला असेल ना?"

"काका, तुम्हांला मोतीबिंदू आहे. तो कुठल्याही गोळीने निघत नाही. भाज्या खा, फळं खा, चांगलंच आहे ते. पण याला ऑपरेशन लागतं. छोटंसं असतं."

काकांनी विचारलं, "मग रंग दिसतील?"

"तुम्ही विसरलेलेसुद्धा."

पहिल्या डोळ्याची पट्टी निघाली तेव्हा मी समोर होते. काकांनी डोळा मिचकावला आणि माझ्याकडे टक लावून बघितलं.

"हा स्वेटर निळा आहे?"

"पहिल्यापासून."

"मला वाटायचं, तू राखाडी घालतेस. म्हटलं, पोरगी दुःखी असेल." ते बराच वेळ स्वेटरकडेच बघत राहिले, एखाद्या हरवून सापडलेल्या माणसाकडे बघावं तसे. मग नजर वर आली. "पण तुझं नाक असं का?"

"काका, तुमचंही तसंच आहे."

"हळू बोल," काका म्हणाले आणि त्यांनी काकूकडे पाहिलं. काकूने पदर नाकावर ओढला. ठराव तेव्हाच तयार झाला असणार. जेवताना फक्त मांडला गेला.

दुसरा डोळाही यथावकाश झाला. स्टूल खिडकीशीच राहिलं. काका आता असे निळे वेगळे करतात की मशीनही जरा विचारात पडतं. फक्त हातरंग त्यांना जमत नाही, कारण हात अजून हातरंगाचा नाही. तो पपईवरून केळ्यावर आलाय, पण नेमका कुठे थांबायचा, हे कोणाला ठाऊक? कृती कुठेच लिहिलेली नाही. गिऱ्हाइकांच्या भिंतींवरचा काकांच्या मते उन्हाने विटलाय, त्यामुळे त्यांच्या जुन्या तळहाताचा खरा रंग आता जगात एकाच जागी शिल्लक आहे: पाणीपट्टी कार्यालयाच्या दारापासून पहिली चार पावलं.

आणि तिथून निरोप आलाय. शेवटी लावलेला रंग तोच मंजूर रंग, असा तिथला नियम असल्याने सगळा बोळ भोपळी करण्यात येणार आहे. सुरुवात दारापासून.

"मी मशीन घेऊन जाते," मी म्हणाले. "एका मिनिटात मोजते तेवढी भिंत."

"माझ्या हाताची ओळख तुझ्या नवऱ्याने पटवायची?" काका म्हणाले. पण मग त्यांनी चादरीवर टपली मारली नाही, नुसता हात ठेवला. "अगदीच वेळ आली तर बघू. आधी लिही. मी सांगतो तसं."

मी लिहिलं:

"मा. साहेबांच्या सेवेशी सविनय सादर. आपल्या कार्यालयाच्या मुख्य दारालगतची भिंत ही भिंत नसून अर्जदाराचा डावा तळहात आहे, याची कृपया नोंद घ्यावी. सबब, सदर तळहातास कोणताही रंग, चुना, खिळा अथवा सूचनाफलक लावण्यात येऊ नये. अर्जदाराचा दुसरा, म्हणजे मनगटास जोडलेला तळहात पूर्ववत होईपर्यंत अर्जदारास दर सोमवारी कार्यालय उघडताच दोन्ही तळहात शेजारी ठेवून पाहण्याची मुभा असावी, व तेवढा वेळ नागरिकांनी आपल्या तक्रारी बोळाच्या मध्यावर, साधारण केळ्याच्या रंगाशी, थोपवून धराव्यात, असे आदेश व्हावेत. तसेच त्या दिवशी उपस्थित असलेले मा. साहेब, खिडकीतील कारकून व तक्रारदार आजोबा यांना जे दिसले ते उजेडाच्या दोषामुळे दिसले, असा दाखला कार्यालयाच्या सहीशिक्क्यानिशी तीन प्रतींत मिळावा, ही नम्र विनंती."